विहिरीतले बियाणे

स्पंज हा शब्द आमच्या कानांवर पहिल्यांदा पडला तो पाटीच्या निमित्ताने. ज्यांच्या घरी चार पैसे होते त्यांच्या मुलांच्या पाटीला दोऱ्याने बांधलेला एक पिवळट तुकडा लोंबत असे. बाकीचे आम्ही थुंकी आणि सदऱ्याची बाही यांवर भागवीत असू. पुढे तो पोस्टाच्या खिडकीत, तिकिटे ओली करण्याच्या वाटीत दिसला. हल्ली तर घरोघरी मोरीत त्याचे राज्य आहे. पण हे सगळे रबराचे नाही तर प्लॅस्टिकचे. अस्सल स्पंज म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका प्राण्याचा धुऊन वाळविलेला सांगाडा. ही एवढी गोष्ट मी कोकणातल्या एका महाविद्यालयात पस्तीस वर्षे सांगत आलो आणि दर वर्षी पहिल्या बाकावरचे कुणी ना कुणी 'प्राणी?' म्हणून आ वासून माझ्याकडे पाहत राहिले.

त्यांना तरी बोल का लावावा? ज्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतूंचा धागादेखील नाही आणि जो जन्मभर एका जागी खिळलेला, त्याला प्राणी म्हणावयास मन सहजी धजत नाही. ॲरिस्टॉटललाही तो वनस्पती आणि प्राणी यांच्या सीमेवरचा वाटला होता. मात्र त्याची नजर अशी तीक्ष्ण, की खडकावरून ओरबाडून काढल्यावर मागे जो अंश उरतो त्यातून स्पंज पुन्हा वाढतो, हे त्याने लिहून ठेवले आहे. त्यानंतर दोन हजारांहून अधिक वर्षे गेली. १८२० नंतरच्या दशकात एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रँट नावाच्या शास्त्रज्ञाने समुद्राच्या पाण्यात ठेवलेल्या जिवंत स्पंजाकडे भिंगातून टक लावली. त्याच्या वरच्या भोकातून पाण्याचा झरा सारखा उसळतो आहे, हे त्याला दिसले. तरुण डार्विन तेव्हा त्याच्याबरोबर किनाऱ्यावर हिंडत असे. अंगभर बारीक रंध्रांतून पाणी आत घ्यावयाचे, त्यातले अन्न टिपावयाचे आणि उरलेले पाणी मोठ्या तोंडातून बाहेर लोटावयाचे, एवढाच या जिवाचा प्रपंच. या रंध्रांवरूनच पुढे ग्रँटने त्याच्या साऱ्या कुळाला 'पोरिफेरा' हे नाव दिले.

मी स्वतः समुद्राचा नव्हे. माझे गाव राणीसावरगाव. परभणी जिल्हा, गंगाखेड तालुका, बालाघाटच्या डोंगरांच्या अंगाला वसलेले. भोवतालच्या मुलखात रेणुकामातेच्या देवळामुळे ठाऊक असलेले. तिथून समुद्र सरळ रेषेत चारशे किलोमीटरांच्या आसपास. आमच्याकडे पाण्याला भरती-ओहोटी दिवसातून दोनदा नसते. ती वर्षातून एकदा, आणि कधी कधी तीही चुकते. औरंगाबादेस एम.एस्सी. करीत असताना सहलीबरोबर रत्नागिरीला गेलो, तेव्हा बाविसाव्या वर्षी मला पहिल्यांदा समुद्र दिसला. पुढे नोकरीच तिकडे लागल्यामुळे त्याचे नावीन्य ओसरले. परंतु एवढे पाणी एका जागी बारा महिने असते, याचा सूक्ष्म अविश्वास माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

ओहोटी लागली की मी मुलांना घेऊन खडकांवर जात असे. दगड उलटा केला की खालच्या बाजूला नारिंगी, जांभळी, पिवळी पुटे दिसत. हात लावला तर मऊ, दाबले तर पाणी सुटे. वाळूत पडलेल्या कालवांच्या शिंपल्यांना सुईने टोचावी तशी असंख्य भोके असत. तीही एका स्पंजाचीच करणी. क्लायोना त्याचे नाव. तो शिंपल्याच्या चुन्यात भोके पाडून आत घर करतो. अशाच एका सकाळी कोळीवाड्यातल्या एका मुलीने मला विचारले, "सर, याला नर-मादी कायच दिसत नाय. मग पिल्लं होतात कशी?" घरात मासळीची गाबोळी रोज पाहणाऱ्या मुलीच्या तोंडी शोभावा असाच प्रश्न होता. त्या दिवशी उरलेली सहल त्या एका प्रश्नावर गेली.

नर-मादी दिसत नाहीत, कारण पुष्कळ जातींत एकच स्पंज कधी नर असतो, कधी मादी. बीजकोश नाही, अंडकोश नाही. त्याच्या आतल्या पोकळ्यांना अस्तरासारख्या चिकटलेल्या लाखो पेशी असतात. प्रत्येकीच्या गळ्यात एक नाजूक जाळीदार कॉलर आणि मधोमध एक सारखा वळवळणारा चाबूक. हे चाबूक पाणी ओढतात आणि त्या कॉलरीत अन्नाचे कण अडकतात. ऋतू आला की यांतल्याच काही पेशी आपला धंदा टाकतात आणि शुक्रपेशी होऊन बसतात. काल जी अन्न गोळा करीत होती तीच आज बीज! आणि मग एखाद्या दिवशी स्पंज त्या साऱ्या एकदम वरच्या तोंडातून सोडतो. उष्ण समुद्रांत पाणबुड्यांनी हा देखावा पाहिला आहे. तळावरचे मोठमोठे पिंपासारखे स्पंज धुराडी पेटावीत तसे पांढरा धूर ओकू लागतात आणि आसपासचे पाणी दुधाळ होते.

तो धूर प्रवाहाबरोबर जाईल तिकडे जातो. त्यातला बहुतेक वायाच. पण थोडा दुसऱ्या एखाद्या स्पंजाच्या रंध्रांतून इतर अन्नाबरोबर आत ओढला जातो. आणि इथे जे घडते ते मी शेकडो वेळा फळ्यावर काढले असेल, पण काढताना माझा हात दर वेळी क्षणभर थांबला आहे. त्या शुक्रपेशीला पकडणारी पेशी तीच, कॉलरवाली. एरवी जे हाती लागेल ते गिळून पचविणे हेच तिचे काम. हा कणही तिने नेहमीसारखाच पकडलेला असतो, तो तिच्या अंगात शिरलेलाही असतो. पण ती तो पचवीत नाही. ती आपली कॉलर टाकते, चाबूक टाकते, अस्तरातली आपली जागा सोडते आणि तो जसाच्या तसा पोटाशी धरून आतल्या मऊ भागातून वाट काढीत अंड्यापर्यंत पोचते. तिथे तो त्याच्या स्वाधीन करते. बस्स, एवढेच. मेंदू नाही, मज्जातंतू नाही. घास कोणता आणि ठेव कोणती हे मात्र तिला ओळखता येते.

पुढची हकीकत भराभर सांगता येईल. काही जाती अंडी बाहेर सोडतात. पुष्कळ जाती पोटातच वाढवितात. मग आतून एक केसाळ डिंभ निघतो, टाचणीच्या डोक्याहूनही लहान. त्याला तोंड नसते. आईने बांधून दिलेल्या शिदोरीवर तो काही तास, फार तर थोडे दिवस पोहतो. साऱ्या जन्मात स्पंजाने केलेला प्रवास तो एवढाच. नंतर तो बहुधा अंधारी बाजू पाहून, डोके खाली करून खडकाला चिकटतो. बाहेरच्या केसाळ पेशी आत शिरतात, आतल्या बाहेर येतात, आणि पाणी वाहू लागते. काही जाती इतका खटाटोपही करीत नाहीत. अंगावर कळी फुटते, ती गळते आणि वेगळी नांदते. किंवा वादळाने तुकडा मोडतो आणि जिथे पडेल तिथे रुजतो. १९०७ साली अमेरिकेत विल्सन नावाच्या शास्त्रज्ञाने एक स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पेशी पाण्याच्या तळाशी सरपटत एकमेकींना शोधीत आल्या, त्यांचे पुंजके झाले आणि पुंजक्यांचे पुन्हा स्पंज झाले. मुलांना ही गोष्ट फार आवडे. मला मात्र त्या गाळणीपेक्षा ती घास न गिळणारी पेशी अधिक जवळची वाटे. त्याचे कारण समुद्रात नाही. ते आमच्या विहिरीत आहे.

स्पंजांच्या ज्ञात जाती नऊ हजारांहून अधिक. बहुतेक साऱ्या समुद्रातल्या. थोड्या, दोन-अडीचशे, गोड्या पाण्यात आल्या. समुद्रातल्या स्पंजाला एक गोष्ट आयती मिळाली आहे, ती ही की समुद्र आटत नाही. तो आपला सगळा संसार पाण्यावर सोडून देऊ शकतो. आज नाही तर उद्या, इथे नाही तर तिथे, कुठे तरी काही तरी लागेल. तळ्यात आणि विहिरीत राहावयाचे तर हा उधळेपणा कामाचा नाही. गोड्या पाण्यातला स्पंजही धूर सोडतो, डिंभही सोडतो. पण त्याशिवाय त्याला आणखी एक विद्या शिकावी लागली, ती बी राखण्याची.

ही विद्या ज्यांनी प्रथम बारकाईने पाहिली त्यांत मुंबईचे नाव आहे, हे आपल्याकडे थोड्यांना ठाऊक असेल. हेन्री जॉन कार्टर हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर. मुंबई बेटावर तेव्हा ठिकठिकाणी तळी होती. धोबी तलाव, गोवालिया तलाव ही नावे राहिली, पाणी केव्हाच बुजले. या बेटावरच्या तळ्यांतून कार्टरने स्पंज गोळा केले आणि १८४९ साली त्यांच्या पाच जातींचे वर्णन प्रसिद्ध केले. उन्हाळ्यात तळी उतरत, तेव्हा काठाच्या दगडांवर वाळलेल्या स्पंजात बारीक पिवळे दाणे सापडत. कार्टर त्यांना बियांसारखे गोळे म्हणे. ते त्याने काचेच्या बशीत उगवून पाहिले आणि त्या कोवळ्या स्पंजांना किरमिजी रंगाचे कण चारून ते अन्न कुठे घेतात तेही पाहिले. या माणसाच्या गौरवार्थ १८६३ साली एका जातीला 'स्पाँजिला कार्टेरी' हे नाव मिळाले. आज ती 'युनेपियस कार्टेरी' म्हणून ओळखली जाते आणि आपल्या देशात ती पुष्कळ ठिकाणी सापडते. पुढे १९११ साली कलकत्त्याच्या ॲनंडेलने भारतातल्या गोड्या पाण्याच्या स्पंजांवर एक जाडजूड ग्रंथच लिहिला. अलीकडे, २०१३ साली, पुण्याचे हेमंत घाटे आणि त्यांचे सहकारी यांनी पुण्याच्या परिसरातल्या पाच जातींवर टिपण प्रसिद्ध केले. म्हणजे पाणी आपले, दगड आपले, पण आपण मात्र त्याला शेवाळ समजून घासून टाकतो.

आमच्या मळ्यातल्या विहिरीतही आम्ही त्याला शेवाळच म्हणत असू. बांधीव विहीर, आत उतरावयास दगडी पायऱ्या. पाणी उतरू लागले की खालच्या दगडांवर करड्या रंगाचे, सुकलेल्या पोळ्यासारखे ठिसूळ पापुद्रे उघडे पडत. त्यांना उग्र वास येई आणि चोळले तर हाताला अशी खाज सुटे की काही विचारू नका. त्यात काचेसारख्या कंटिका असतात, हे कळावयास मला दहा-बारा वर्षे अवकाश होता.

१९७३ च्या उन्हाळ्यात ती विहीर तळापर्यंत आटली. आदल्या वर्षीचा, १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसांना सांगावा लागत नाही. इतरांना सांगून तो कितपत कळेल, कोण जाणे. मी तेव्हा दहा वर्षांचा. वडील दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात. आई पाझर तलावाच्या मातीवर. घरी सुकडी येई आणि रेशनची मिलो, ती परदेशी तांबडी ज्वारी. तिच्या भाकरीचा वास मला अजून आठवतो. मी दुपारी विहिरीत गाळ काढणाऱ्या माणसांना पाणी नेऊन देई आणि त्यांच्याबरोबर खाली उतरून त्या पापुद्र्यांतले पिवळे दाणे नखाने टोकरीत बसे. खसखशीच्या दाण्याच्या निम्मे. दातांखाली धरून पाहिले तर कचकच लागे.

आमच्या बळदाच्या कोपऱ्यात एक मडके होते. त्यात चार पायल्या ज्वारी, राख आणि लिंबाचा पाला घालून भरलेली. वर परळ, आणि परळाच्या कडा शेणामातीने लिंपलेल्या. ते पेरणीचे बी. आदल्या वर्षी पेरले ते करपले होते. उरले ते एवढेच. किल्ली-कुलूप काही नव्हते. पण आजी त्याच्या शेजारी वाकळ टाकून निजत असे.

माझी धाकटी बहीण दीड वर्षाची होती. तिला मिलो सोसेना. सुकडी ती तोंडातून काढून टाकी. फाल्गुनाच्या अखेरीस तिला हगवण लागली. एका संध्याकाळी आई आजीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, मूठभर काढा. लेकराला पेज करून घालते." आजी पुष्कळ वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बी हाय ते." एवढेच. त्या रात्री आजीने आपल्या वाटणीचे काही खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आपली भाकर देऊन तिने कुणाकडून तरी वाटीभर दूध आणले. औषधपाणी झाले, अंगारा झाला. चैत्रात बहीण गेली.

पेजेने ती वाचली असती का? आज मला वाटते, नसती. हगवण पेजेने थांबत नाही. परंतु हा हिशेब वहीत मांडण्यासारखा नव्हे, आणि आईने तो तोंडाने कधी मांडला नाही. पावसाळा लागला, आजीने आपल्या हाताने लिंपण फोडले, वडिलांनी ते बी पेरले. त्या वर्षी कणसे आली. ती भाकर आम्ही सगळ्यांनी खाल्ली, आईनेही खाल्ली. पण आजी होती तोवर आईचा हात त्या मडक्याला लागलेला मी पाहिला नाही. दर वर्षी नवे बी त्यात आजीच भरी, आजीच काढी. सासू-सुनेत एरवी भांडण नव्हते; उलट गावात त्यांचे गुण गात. फक्त त्या एका कोपऱ्यातून आई केर काढीत नसे.

औरंगाबादेत प्राणिशास्त्राच्या पुस्तकात एका पानावर तो पिवळा दाणा मला पुन्हा भेटला. जेम्यूल त्याचे नाव. उन्हाळ्याची चाहूल लागली (थंड मुलखात हिवाळ्याची) की स्पंजाच्या अंगात हिंडणाऱ्या काही पेशी जागोजाग पुंजके करून बसू लागतात. भोवती दुसऱ्या पेशी जमतात; त्यांच्या पोटात अन्न साठविलेले असते. मधल्या पेशी त्या भोवतालच्यांना गिळतात, अन्नासकट सगळ्या. अशा रीतीने मधल्यांतली प्रत्येक पेशी शिदोरीने गच्च भरते. मग त्या साऱ्या पुंजक्याभोवती शिंगासारख्या चिवट द्रव्याचे कवच चढते, त्यात कंटिका रोविल्या जातात आणि बाहेर निघावयास एक बारीकसे दार ठेवून तेही पडद्याने बंद होते. कार्टेरी जातीत या कवचावर हवेच्या कप्प्यांचा जाड थर असतो, म्हणून दाणे हलके होऊन पाण्यावर तरंगतात. बाकीचा स्पंज मरतो, सुकतो, भुगा होतो. दाणा ऊन खातो, थंडी खातो, महिनोन्‌ महिने, कधी वर्षेसुद्धा तसाच पडून राहतो. ते पान वाचून मी खोलीतून बाहेर आलो आणि बराच वेळ रस्त्याने चालत राहिलो, एवढे आठवते.

१९८८ च्या मे महिन्यात मी गावाकडून येताना विहिरीतला एक पापुद्रा कागदाच्या पुडीत बांधून आणला. कोकणात जूनमध्ये पाऊस सुरू झाला तसे काचेच्या भांड्यात पागोळीचे पाणी धरले आणि त्यात त्यातले दाणे सोडले. प्रयोगशाळेतला शिपाई रोज विचारी, "सर, काय उगवलं?" पहिले दोन-तीन दिवस काही नाही. मग भिंगाखाली एका दाण्याचे दार उघडलेले दिसले आणि त्यातून बाहेर आलेल्या पेशींचा पांढुरका, जवळजवळ पारदर्शक साय धरावी तसा थर काचेवर पसरलेला. आठवडा होता होता त्यावर एक नळीसारखे तोंड उभे राहिले. कार्टरची आठवण होऊन मी किरमिजी रंगाची चिमूट पाण्यात टाकली. थोड्या वेळाने त्या नळीतून रंगाचे कण एकामागून एक बाहेर फेकले जाऊ लागले. राणीसावरगावच्या विहिरीतला जीव समुद्राकाठच्या गावात श्वास घेऊ लागला होता! जवळजवळ पडलेल्या दोन दाण्यांचे थर वाढत वाढत एकमेकांना भिडले. भिडल्यावर त्यांच्यातली सीमा पुसली गेली आणि दोघांचा मिळून एकच स्पंज झाला. एका कुळीचे असले तर ते असे मिसळतात. परक्या कुळीचे असले तर मध्ये भिंत घालून बसतात.

दिवाळीच्या सुटीत गावी गेलो तेव्हा हे सारे आजीला सांगितले. ती ऐंशीच्या पुढे गेली होती. दृष्टी अधू, कान शाबूत. समुद्रातल्या धुराचे तिला काही विशेष वाटले नाही. "पानी लई आसल्यावर उधळतंच मानूस," म्हणाली. पण दाण्याची गोष्ट तिने नीट ऐकून घेतली. कवच कशाचे, दार कुठे, किती दिवस टिकते, हे एखाद्या कसलेल्या परीक्षकासारखे विचारून घेतले. मग म्हणाली, "म्हंजी आपल्याच अंगातलं खाऊन बी भरतंय ते."

"होय."

"मंग खानारं कोन अन्‌ खाल्लं जानारं कोन, ते कोन ठरवितं?"

आई चुलीपुढे बसून भाकरी थापीत होती. थापण्याचा आवाज थांबला. मी म्हणालो, "सगळ्या एकाच अंगातल्या असतात, आजी. एकाच बीजाच्या."

"ते मला ठावं हाय," आजी म्हणाली. पुन्हा काही बोलली नाही. थोड्या वेळाने परातीवर भाकरीचा आवाज सुरू झाला. सकाळी उठल्यावर मात्र तिने मला बजावले, की तो पुडीतला पापुद्रा सगळा घेऊन गेला असशील तर चांगले केले नाहीस. बी सगळेच्या सगळे परगावी न्यायचे नसते. पुडीत थोडे उरले होते. ते मी विहिरीत टाकून आलो आणि तसे तिला येऊन सांगितले, तेव्हा तिचे समाधान झाले.

आजी १९९१ च्या थंडीत गेली. तोवर आमच्याकडे पेरणीला दुकानातल्या पिशव्या येऊ लागून पुष्कळ वर्षे झाली होती. हायब्रीडचे बी पुढच्या वर्षी राखून चालत नाही, ते दर साली नवेच घ्यावे लागते. तरी आजीने शेवटपर्यंत पायलीभर जुन्या ज्वारीचे बी धरले होते, आणि विहिरीकडच्या पट्टीत तेवढे ती पेरून घेई. १९९२ च्या उन्हाळ्यात, मृग आठ-दहा दिवसांवर आला असताना मी घरी होतो. सकाळी आई बळदात गेली आणि ते मडके उचलून घेऊन ओसरीवर आली. विळ्याच्या टोकाने तिने लिंपण फोडले, परळ बाजूला ठेवला, बी सुपात ओतले, आणि राख पाखडू लागली. राखेचा लोट तिच्या अंगावर येत होता. मी खांबाला टेकून पाहत होतो.

पाखडता पाखडता, मान वर न करता तिने विचारले, "तुझं ते हिरीतलं आहे का रे आजून?"

"असेल. पाणी उतरलंय, दिसेल आता."

"दुपारून जाऊ. मला दाखीव."

आम्ही ऊन कलल्यावर गेलो. पायऱ्या उतरताना तिने माझा हात धरला होता. खालून चौथ्या पायरीच्या दगडावर करडा पापुद्रा होता. मी नखाने त्याचा एक कोपरा उचलून दाणे तिच्या तळहातावर ठेवले. तिने तळहात उन्हाकडे धरला, डोळे बारीक केले.

"एवढंसं?" ती म्हणाली.

मग ती पायरीवर बसली. कितीतरी वेळ ते दाणे तिच्या हातात तसेच होते. उठताना तिने वाकून हात पाण्यात बुडविला आणि ते अलगद सोडून दिले. ते तरंगत तरंगत समोरच्या भिंतीकडे गेले.